गंजलेली बेल एअर

अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. खारं वारं खिडकीच्या गजांचं काय करतं, हे आपल्याला गोव्यात वेगळं सांगायला नको. १९५७ च्या शेव्हरोले बेल एअरचा तळ असाच चाळणी होतो. मग हौशी मंडळी बॉडी चासीवरून उचलतात. दाराखालचा पत्रा कुजला असेल तर आधी दारांच्या चौकटीत लोखंडी आधार वेल्ड करायचे, नाहीतर बॉडी वाकते आणि दारं पुन्हा बसत नाहीत. एवढा खटाटोप कशाला, हल्ली अख्खी नवी बॉडीच मिळते की! पण तिला जुना नंबर लावून १९५७ ची गाडी म्हणणं मला पटत नाही. कुजलं तेवढंच कापावं, जोड दिसला तरी दिसू दे. रंग आणि क्रोम मात्र खुशाल नवं करा.