देण्याआधी विचार!

भिवंडीत गेल्या काही वर्षांत दोन गोष्टी नजरेत भरण्याइतक्या वाढल्यात. एक गोडाऊन्स, दुसरे लॅब्रेडॉर. पहिल्याचा हिशोब लॉजिस्टिक्सवाल्यांना विचारा, दुसरा माझ्या लिफ्टमधला आहे. (निरीक्षण पूर्णपणे अनसायंटिफिक, भांडायला येऊ नका.) काल्हेर, कशेळी, अंजूर फाट्याकडे टॉवर्स उभे राहिले, वन बीएचकेचं टू बीएचके झालं, पोरांनी हट्ट धरला आणि घरात पिल्लू आलं. पण सकाळी नऊला आई-बाबा दोघंही ऑफिसला पळतात. मग घरी उरतात तिघं जण: आजी, दुसरीतली कन्या आणि कुत्रा. आणि या तिघांच्या मध्ये एक भरलेला फ्रिज.

आमच्या मजल्यावर असंच एक त्रिकूट आहे. कन्येचा हिशोब सरळ आहे, जे मला ते त्याला. अर्धं बिस्कीट मला, अर्धं त्याला. सत्यनारायणाचा प्रसाद आला तेव्हा तिने द्रोण हातात धरून विचारलं, "याला मनुका चालतात?" जमलेल्या मोठ्यांचं एकमुखी उत्तर, "अगं, प्रसाद आहे, काय होतंय!"

होतंय, बॉस. बरंच काही होतंय. द्राक्षं आणि मनुका-बेदाणे कुत्र्यांची किडनी बंद पाडू शकतात. आधी उलट्या, मग सुस्ती, आणि दोन-तीन दिवसांत लघवी कमी होत जाते. कुठल्या कुत्र्याला किती दाणे बाधतील याचा नेम नाही, म्हणून 'थोडंसं चालतं' हे इथे चालत नाही. आपल्या महाराष्ट्रात तर नाशिकची द्राक्षं आणि सांगलीचे बेदाणे, दोन्ही घराघरांत. शिऱ्यात बेदाणे, शेजारून ईदला येणाऱ्या शीरखुर्म्यात बेदाणे, खिरीत बेदाणे. भिवंडीसारख्या गावात वर्षभर कुणाचा ना कुणाचा सण असतोच, आणि कुत्रा सगळ्यांच्या सणाला हजर!

यामागचा गुन्हेगार बरीच वर्षं सापडत नव्हता. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक ॲसिडकडे बोट दाखवलं. धागा कुठून मिळाला माहितीये? घरी मळलेल्या प्ले-डोमधून. क्रीम ऑफ टार्टर घातलेला तो गोळा खाल्लेल्या कुत्र्याची लक्षणं थेट द्राक्षं खाल्ल्यासारखी होती. म्हणजे पोरांचं खेळणंच साक्षीदार निघालं. आता पुढचा धक्का घ्या. हेच ॲसिड आपल्या चिंचेत ठासून भरलेलं असतं. तेव्हा आजीची चिंच-गुळाची आमटी कितीही फेमस असली तरी कुत्र्याच्या भातावर नको.

चॉकलेटचं गणित मुलांना लगेच पटतं, कारण ते खरंच गणित आहे. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन आपलं शरीर भराभर निकाली काढतं, कुत्र्याचं मात्र तासन् तास घोळत बसतं. १० किलोच्या कुत्र्याला साधारण १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटनंतर त्रास सुरू होऊ शकतो, डार्क असेल तर ४० ग्रॅममध्येच. पामेरियन ५ किलोचा असेल तर? निम्मं. दुसरीतली मुलगी हे सोडवू शकते, सोडवू द्या.

कांदा-लसणाचं मोठ्यांनाच पटत नाही. शिजवला, तळला, पावडर केली तरी त्यातली द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतात, आणि परिणाम दिसायला काही दिवस लागतात, त्यामुळे दोष जातो भलत्याच गोष्टीवर. १० किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅम कांदा, म्हणजे दोन मध्यम कांदे, पुरे होतात. लसूण त्याहून जहाल. रोज चमचाभर रस्सा घालत राहिलात तरी ते साचत जातं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यातला घास कुत्र्याला घालायची पद्धत आहे. खुशाल घाला, पण रोडगा द्या, कांद्याची पात घातलेलं भरीत आपण खाऊ.

इथे एक काका हमखास बोलतात, "बिशीबाहेरचे कुत्रे सगळं खातात, त्यांना कुठे काय होतं?" यंत्रमागाच्या गल्लीतल्या त्या कुत्र्यांचं काय होतं हे कोणी मोजायला बसलेलं नाही, काका. जे गेले ते तुम्हाला सांगायला येणार नाहीत.

ऑफिसवाल्यांनो, आता तुमची पाळी. मीटिंगच्या आधी तोंडात टाकायचं शुगर-फ्री च्युइंगम कुठे असतं? लॅपटॉप बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. बॅग कुठे असते? सोफ्याखाली. अशा काही च्युइंगममधलं झायलिटॉल कुत्र्याच्या पोटात गेलं की इन्शुलिन उसळतं आणि अर्ध्या तासात साखर धाडकन खाली येऊ शकते, पुढे लिव्हरही धोक्यात. बिर्याणीतली शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या टोकदार चिरफळ्या होतात.

मग बिचाऱ्याने खायचं काय? भरपूर आहे. साधा भात, बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन (हाडं काढून), उकडलेलं अंडं, गाजर, लाल भोपळा, काकडी, पपई, बिया काढलेलं सफरचंद, कलिंगडाचा गर. आजीची शेवटची पोळी, तूप-मीठ न लावता. 'कुत्रा मांसाहारीच' म्हणणाऱ्यांसाठी: २०१३ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्याकडे दोनच प्रती असतात, कुत्र्याकडे चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या ताटातलं उष्टं खात खात हा प्राणी बदललाय. पण नुसत्या भातावर त्याचं भागत नाही, हेही लक्षात ठेवा.

मुलांना मात्र ही यादी पाठ करायला लावू नका. 'विचारल्याशिवाय काही द्यायचं नाही' एवढा एकच नियम पुरतो. आमच्या शेजारच्या कन्येने फ्रिजवर लाल-हिरव्या स्केचपेनने चित्रं काढून लावलीत आणि आता ती आजीलाच अडवते. आजी रागावते, पण आमटीचं पातेलं हल्ली वरच्या कट्ट्यावर असतं.

एवढं करूनही एक दिवस पोर चॉकलेट भरवणारच. त्या दिवशी ओरडू नका. ओरडलात तर पुढच्या वेळी रॅपर गादीखाली जाईल आणि तुम्हाला कळायला रात्र होईल. रॅपर हातात घ्या, किती वाजता आणि किती खाल्लं ते तिच्याकडूनच शांतपणे काढून घ्या, आणि लगेच डॉक्टरला फोन लावा. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय करू नका, ते मीठच जिवावर बेततं. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं हॉस्पिटल आहे, मुंबईचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही तिथेच, १८८६ पासून. पण ते इथून साधारण ४० किलोमीटर, आणि मध्ये संध्याकाळचं ट्रॅफिक. म्हणून जवळच्या व्हेटचा नंबर आजच फ्रिजवर लावा, मुलांच्या उंचीला, आणि खाली कुत्र्याचं वजन लिहा. फोनवर पहिला प्रश्न तोच येतो.