विहाराच्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे?



गेल्या उन्हाळ्यात आम्ही एका तरुण चित्रकारासोबत खोली शोधत छत्रपती संभाजीनगर पालथे घातले. मुलगा आपल्याच वस्तीतला. वडील वाळूजला कंत्राटी कामगार, आई चार घरची धुणीभांडी करते. त्याचे कलेचे शिक्षण पूर्ण झालेले आणि त्याला सहा फुटी कॅनव्हासवर काम करायचे होते. घर दहा बाय बाराचे, त्यात माणसे पाच. कॅनव्हास उभा केला की रात्री कोणीतरी ओट्यावर झोपायचे. त्यात आजीला दमा, टर्पेंटाइनचा वास तिला सहन होत नाही. त्याची मागणी मोठी नव्हती. एक सलग भिंत, एक खिडकी, पाण्याचा नळ आणि दाराला कुलूप.

सुरुवात सगळीकडे चांगली व्हायची. "चित्रं काढता? अरे वा!" मग विचारायचे, "पूर्ण नाव काय?" आडनावावरून उलगडा झाला नाही तर "गाव कोणतं?" आणि त्यावरूनही झाला नाही तर "आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही बरं का." पोराला खोलीत चित्र काढायचे होते, मटण शिजवायचे नव्हते! एका घरमालकाने तर डिपॉझिटचा आकडा आमच्या डोळ्यांदेखत दुप्पट केला. जिथे आडनाव आडवे आले नाही, तिथे भाडे आडवे आले.

हा एकट्या आमचा अनुभव नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली परिसरातील भाड्याच्या घरांचा अभ्यास केला, तो २०१५ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'मध्ये प्रसिद्ध झाला. दलित आणि मुस्लिम भाडेकरूंना सरळ नकार, जादा भाडे, जाचक अटी हे सगळे त्यात नोंदवलेले आहे. गावात जात वेशीवर दिसते, शहरात ती भाडेकराराच्या आधी दिसते, एवढाच फरक.

पण मित्रांनो, घरमालकांच्या नावाने खडे फोडायला हा लेख लिहिलेला नाही. त्यांच्याकडून आम्हाला वेगळी अपेक्षाही नव्हती. खरा धक्का पुढे बसला.

सगळीकडून नकार पचवून आम्ही आपल्याच एका विहाराच्या विश्वस्तांकडे गेलो. विहाराला लागून एक हॉल आहे. वर्षातून पाच-सात दिवस उघडतो, एरवी त्याला कुलूप आणि आत प्लास्टिकच्या खुर्च्यांची चळत. "दुपारचे चार तास हा हॉल पोराला द्या, वीजबिल तो भरेल," एवढेच आम्ही म्हणालो. उत्तर मिळाले, "रंग सांडतील. आणि आज याला दिला की उद्या ढोलकीवाले येतील." घरमालकाने आडनाव विचारून नकार दिला होता. आपल्यांनी ते न विचारता दिला.

आता आमचा मुद्दा. आपल्या चळवळीने साहित्य किती दिले ते पाहा. याच शहरातून गंगाधर पानतावणे सरांनी 'अस्मितादर्श' चालवले आणि लिहित्या हातांची पिढीच्या पिढी उभी केली. कविता आली, आत्मकथन आले, शाहिरी तर १९३०च्या दशकातल्या आंबेडकरी जलशांपासून आहे. पण चित्रकला, शिल्पकला, ध्वनिमुद्रण, सिनेमा यांत आपली माणसे त्या प्रमाणात का नाहीत? प्रतिभा कमी पडली, असे प्रस्थापितांचे उत्तर असते. आमचे उत्तर वेगळे आहे. कविता कंदिलाच्या उजेडात गुडघ्यावर वही ठेवून लिहिता येते. जलसा चौकात उभा राहतो. पण चित्राला भिंत लागते, मूर्तीला शेड लागते, रेकॉर्डिंगला बंद दाराची खोली लागते. ज्या कलांना जागा लागत नव्हती त्या आपण जिंकल्या, ज्यांना लागत होती त्यांत अडून राहिलो. प्रतिभेचा प्रश्न म्हणून जो आपल्या माथी मारला जातो, तो मुळात मालमत्तेचा प्रश्न आहे. ज्याच्या घरात एक जादा खोली आहे त्याच्याच मुलाला 'उपजत कलाकार' होता येते. 

एकतारीवर भीमगीते गाणाऱ्या कडूबाई खरात याच शहरातल्या. दारोदार गाणाऱ्या या माऊलीचा आवाज मोबाइलवरून घराघरांत गेला. आपण अभिमानाने तो पुढे पाठवतो आणि वर म्हणतो, "बघा, स्टुडिओ नसला तरी प्रतिभा लपत नाही." हे कौतुक आहे की पळवाट? एक कडूबाई पोहोचल्या, पण ज्यांच्या गळ्याला रियाजाची खोली मिळाली नाही म्हणून जे पोहोचलेच नाहीत, त्यांची गणती कोण करणार? त्यात मुलींचे हाल सर्वाधिक. मुलगा निदान नाल्याकाठी किंवा गच्चीवर बसून ढोलकी बडवतो. मुलीने तिथे बसून आलाप घेतला तर वस्ती दुसऱ्याच गोष्टी बोलते.

आपल्याच माणसांचे तीन आक्षेप आम्ही वारंवार ऐकतो.

पहिला, "विहार पवित्र जागा आहे, तिथे असले धंदे नकोत." या बांधवांनी एकदा अजिंठ्याला जावे, येथून शंभर किलोमीटरवर आहे. तिथली १, २, १६ आणि १७ क्रमांकाची लेणी हे विहार आहेत. भिक्खूंच्या राहत्या जागेच्या भिंतींवर कलाकारांनी जातककथा रंगवल्या. सोळाव्या लेणीचे दान वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने दिले, हे शिलालेखावरून कळते. चित्रकारांची नावे कळत नाहीत. म्हणजे दात्याचे नाव कोरायची आपली खोड तेव्हापासूनची आहे! पण निदान त्या काळी दाते कलाकारांना भिंती तरी देत होते. रंग सांडतील या भीतीने तेव्हा कुलूप लावले असते, तर आज जग काय पाहायला आले असते? आणि बाबासाहेबांनी नागसेनवनात उभारलेल्या मिलिंद महाविद्यालयात १९५५ साली प्राचार्य म. भि. चिटणीस यांचे 'युगयात्रा' हे नाटक खुद्द बाबासाहेबांसमोर झाले. शिक्षणाच्या जागेत कला हवी हे त्यांना मान्य होते. आपण त्यांच्यापेक्षा जास्त सोवळे झालो आहोत काय?

दुसरा, "पोराबाळांना नोकऱ्या नाहीत, तुम्हाला स्टुडिओ सुचतोय." ठीक आहे, पोटाचेच बोलू. १४ एप्रिलला प्रत्येक वस्ती मूर्ती, देखावे, कमानी, बॅनर, गाणी यांवर पैसा खर्च करते. वर्गणी आपली, घाम आपला. पण मूर्ती घडते दुसऱ्याच्या कारखान्यात, बॅनर छापतो दुसराच आणि डीजेवाला रात्रीत पैसे मोजून निघून जातो. गिऱ्हाईक आपण आहोत, कारागीरही आपल्यातच आहेत, फक्त कारखाना आपला नाही. मग नोकरीचा प्रश्न आणि स्टुडिओचा प्रश्न वेगळे कसे?

तिसरा, "सरकारकडे मागा." जरूर मागू. पण आधी स्वतःचे दार उघडू. दलित पँथरने १९७२ साली अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून नाव घेतले. त्याच कृष्णवर्णीयांच्या इतिहासातले एक पान इथे आठवावे. ऑगस्टा सॅव्हेज या शिल्पकार बाईंना १९२३ साली फ्रान्समधल्या एका उन्हाळी कलाशाळेत केवळ रंगामुळे प्रवेश नाकारला गेला. पुढे त्यांनी न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत स्वतःच्या स्टुडिओत पोरांना शिकवायला सुरुवात केली. १९३७ साली सरकारी निधीतून हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उघडले, तेव्हा त्याच्या पहिल्या संचालक त्याच झाल्या. तिथे शिकलेल्यांपैकी एक जेकब लॉरेन्स. दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या आपल्या लोकांच्या स्थलांतरावर त्यांनी १९४०-४१ मध्ये साठ चित्रांची मालिका रंगवली. आधी वस्तीतली खोली, मग सरकारचा पैसा, असा तो क्रम आहे.

करायचे काय, तेही सांगतो. विहाराची वंदना, धम्मवर्ग, लग्नकार्य यांचे वेळापत्रक आधी लावा. उरलेले तास वस्तीतल्या कलाकारांना द्या. बुद्धमूर्तीचे सभागृह सोडून बाजूची खोली किंवा वरचा मजला घ्या. किल्ली तिघांकडे असावी, त्यांत एक महिला हवीच, आणि वापराची वही ठेवा. मुलींच्या वेळा सर्वांत आधी ठरवा. जयंतीचे जुने फ्लेक्स फरशीवर उलटे अंथरले की रंग सांडण्याची भीती संपते. तेलरंगांचा वास नको असेल तर अॅक्रिलिक वापरा. गाणाऱ्यांसाठी भिंतींना जुन्या सतरंज्या आणि गोधड्या लावा, आवाज घुमणे बरेच कमी होते. विजेसाठी वेगळे सबमीटर बसवा, म्हणजे बिलावरून भांडण नको. सामानाला कुलपाचे एक लोखंडी कपाट लागेल. भाडे नाममात्र घ्या आणि मोबदल्यात कलाकाराने महिन्यातले दोन रविवार वस्तीतल्या मुलांना शिकवावे. पैसा कुठून आणायचा? डीजेची एक रात्र कमी करा.

आणि दलित वस्ती सुधार योजनेतून बांधलेली समाजमंदिरे तर सार्वजनिक पैशाची आहेत. आपल्या प्रभागात अशी किती आहेत, ती कोणाच्या ताब्यात आहेत आणि वर्षभरात किती दिवस उघडली, हे माहितीच्या अधिकारात महापालिकेला आणि समाजकल्याण विभागाला विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर हातात आले की वापराची मागणी लेखी करा.

तो चित्रकार सध्या एका फ्लेक्सच्या दुकानात बसतो. वाढदिवसाच्या बॅनरवर पुढाऱ्यांचे चेहरे कापून चिकटवतो. सहा फुटी कॅनव्हास गुंडाळून घरातल्या पत्र्याच्या कपाटावर ठेवलेला आहे. परवा भेटला तेव्हा आम्ही विचारले, काय काढणार होतास? म्हणाला, "आईला. कामावरून घरी येताना."

ते चित्र अजून काढले गेलेले नाही आणि त्याला जबाबदार फक्त मनुवादी घरमालक नाहीत. तुमच्या वस्तीत जयंती समितीची पुढची बैठक होईल तेव्हा वर्गणीच्या आधी हाच विषय घ्या: हॉलची किल्ली कोणाकडे आहे आणि दुपारी तो उघडायला अडचण काय आहे?

जय भीम! नमो बुद्धाय!