चूल बसली, धुराड्याचे काय?

सरकारी अहवालात चूल ही मोजण्याची वस्तू असते. १९८० नंतरच्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि २००२ साली तो आवरता घेतला, तोवर देशात सुमारे ३.५ कोटी चुली बसविल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी किती चुलींचा धूर दुसऱ्या वर्षी खरोखरच छपराबाहेर जात होता, हे मात्र त्या आकड्यावरून कळत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या कोकणातील घरी अनुदानाची अशी एक चूल आली होती. पुढे तपेल्याची जागा, मागे वैल. बसविणारा घाईत होता. कौले काढावी लागू नयेत म्हणून त्याने धुराड्याचा पाइप भिंतीतून बाहेर काढून वळचणीखालीच संपविला. वारा समोरून आला की सारा धूर उलट स्वयंपाकघरात शिरे. आईने दोन पावसाळे ते सोसले, मग चूल फोडून त्या जागी पूर्वीचे तीन दगड मांडले. एखाद्या नोंदवहीत आमची चूल अजून पेटती असेल!

ओडिशातील खेड्यांत रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी अशा चुलींची काही वर्षे पाहणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की, पहिल्या वर्षी श्वासावाटे आत जाणारा धूर घटला. पुढे निगा व वापर दोन्ही ढिले पडले आणि लाभ ओसरला. याचा दोष गृहिणींच्या अज्ञानावर ढकलणे सोपे आहे. वस्तुतः चुलीची किंमत एकदा मोजून संपत नाही. निगेचा खर्च दर महिन्याला येतो. तो करायचा की नाही हे बहुधा घरातला पुरुष ठरवितो, आणि धूर मात्र तिच्या डोळ्यांत व छातीत जातो.

म्हणून चूल निवडताना प्रथम आपली भांडी पाहावीत. भांडे चुलीच्या तोंडावर नीट बसले नाही तर फटीतून धूर येतो, आणि मागच्या वैलावर काही ठेवायचे नसेल तेव्हा तो झाकावाच लागतो, एरवी धुराड्याची ओढ कमी होते. चार माणसांच्या घराला पंगतीची चूल घेणे म्हणजे सरपणाची नासाडी. धुराडे शक्य तितके सरळ असावे. प्रत्येक वळणावर काजळी धरते. ते आढ्याच्या वर दोन फूट तरी जावे, वर पावसासाठी टोपी असावी, आणि गवताचे छप्पर असल्यास पाइप व गवत यांत मोकळे अंतर राखावे, नाहीतर आगीला निमंत्रण. काजळी काढण्यासाठी हात पोचेल अशी जागा तळाशी ठेवण्याचे गवंडी हमखास विसरतो. सरपण वाळलेलेच हवे. ताज्या तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते, ते आटविण्यातच बराच जाळ खर्ची पडतो.

गॅस आल्यावर हे सारे कशाला, असे कोणी विचारील. गॅस अधिक स्वच्छ आहे, यात वाद नाही. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली. तरीही २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे सुमारे ५९ टक्केच आढळली. ज्यांच्या घरी सिलिंडर आहे अशांच्याही अंगणात आंघोळीचे पाणी आणि भाकऱ्या पुष्कळदा लाकडावरच होतात. दुसऱ्या सिलिंडरचे पैसे महिनाअखेर हाताशी नसतात, हे पगारदार वाचकांना सांगायला नको.

तेव्हा चुलीवर पुन्हा सार्वजनिक पैसा खर्च व्हायचाच असेल, तर बसविणाऱ्याला निम्मी मजुरी चूल बसविताना द्यावी आणि उरलेली एक पावसाळा उलटल्यावर, ती चूल पेटवून पाहून. आणि त्या कागदावर सही घरच्या कर्त्या पुरुषाची न घेता, रोज तिच्यापुढे बसणाऱ्या बाईची घ्यावी.