माशी, मासा आणि सबुरी

आपल्याकडे मासा म्हटला की बाजाराची पिशवी आठवते. इंग्लंडात मात्र चांगली पोक्त, शिकलेली माणसे भल्या पहाटे उठतात, मांडीइतक्या पाण्यात उभी राहून एका ट्राउटची दिवसभर वाट पाहतात आणि रिकाम्या हातांनी खुशीत घरी परततात! मुलाकडे ब्रिस्टलला वर्षभर राहिलो, तेव्हा हा प्रकार मी जवळून पाहिला.

ब्रिस्टलच्या दक्षिणेला ब्लॅग्डनचे तळे आहे. शहराच्या पाण्यासाठी धरण बांधून केलेले. १९०४ सालापासून तेथे ट्राउटवर गळ पडत आहेत. जवळच १९५६ साली चू व्हॅलीचे मोठे तळे झाले. गळाला खरा किडा लावायचा नाही; पिसे नि रेशीम गुंडाळून केलेली खोटी माशी लावायची. कोणत्या महिन्यात कोणती माशी, यातच सारी विद्या. तेवढे चुकले, की माशी शिंकलीच म्हणून समजा!

मार्च-एप्रिलात पाणी गारठलेले असते. मासा तळाशी राहून चिलटांचे कोश टिपतो. तेव्हा माशी मुंगीच्या पावलांनी ओढायची. मे-जूनच्या संध्याकाळी किडे पाण्यावर येऊन पंख पसरतात, तसा मासाही वर येतो. जुलै-ऑगस्टात पाणी तापते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि ट्राउट तर थंडीचा जीव. पाणी वीस अंशांपलीकडे गेले की तो कासावीस होतो, खोल दडी मारतो. सप्टेंबरात लांब तंगड्यांच्या माश्या वाऱ्याने पाण्यात पडतात. शिवाय इतर माशांच्या पिलांवर ट्राउट तुटून पडतो.

दोन महायुद्धांच्या मधल्या काळात डॉ. बेल नावाचे एक डॉक्टर ब्लॅग्डनला येत. धरलेल्या माशाच्या पोटात काय आहे ते पाहायचे आणि हुबेहूब तशी माशी बांधायची, ही त्यांची रीत. आधी तपासणी, मग औषध!

पुढे हिवाळा. मूळचा तिथला तपकिरी ट्राउट ओढ्यांच्या वाळूगोट्यांत अंडी घालायला जातो, म्हणून त्याला धरण्यावर त्या काळात बंदी असते. अमेरिकेहून आणलेला इंद्रधनुषी ट्राउट मात्र पैदास-केंद्रात वाढवून तळ्यात सोडतात; त्यामुळे काही लहान तळी बाराही महिने उघडी असतात. आमचे शेजारी, सत्तरीचे गृहस्थ, तरीही ऑक्टोबरात काठी कपाटात ठेवीत. मी विचारले, "इंद्रधनुषीला तर बंदी नाही ना?"

"नाही," ते म्हणाले, "पण आपल्याला कोण लागणार, हे गळाला कुठे ठाऊक असते?"

मला आपली नारळी पौर्णिमा आठवली. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. कारण तेच: पावसाळा हा कित्येक माशांच्या विणीचा काळ. पण फरक पाहा. शेजाऱ्यांची काठी कपाटात गेली म्हणून त्यांच्या चुलीला काही होत नाही. कोळ्याची होडी वाळूवर ओढली, की त्याच्या घरात ओढाताण सुरू होते. वाण्याची उधारी, मुलांची फी, जाळ्यांची दुरुस्ती, सारे त्याच दोन महिन्यांत. सबुरीची किंमत खरी मोजतो तो हा.

आणि आपण गिऱ्हाइके काय मोजतो? २०२३ साली महाराष्ट्र सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, असा नियम. पण बोटभर पापलेटांचा वाटा स्वस्त मिळाला, की तो पिशवीत टाकून घरी शाबासकी मिळवणारे आपणच! ज्याने अजून एकदाही अंडी घातली नाहीत, तो मासा पुढच्या वर्षीचा वाटा कुठून देणार? घेणाराच नसला, तर असली पिले टोपलीत येणार तरी कशाला?

वाचकहो, तळ्याकाठी दिवसभर उभे राहा, असे मी म्हणत नाही. कोळिणीसमोर उभे राहून, "एवढे लहान नकोत हं, मावशी," इतके म्हटले तरी पुरे. गळाला ठाऊक नसते. पण आपल्याला तर असते!