जपानी ताट, आपली पिठी

जपानी माणसाचे रोजचे घरगुती जेवण म्हणजे भात, आंबवलेल्या सोयाबीनचे सार, मासळीचा तुकडा, भाजी अन् लोणचे. महाडकरांना यात नवल ते काय? आपली कुळथाची पिठी, भात, सुकट त्याच घराण्यातली. खोट एकच, मीठ! जपानच्या आकिता भागात खारट खाण्यापायी पक्षाघाताचे रुग्ण फार. १९६० च्या दशकापासून मोहिमा काढून मीठ उतरवले, रोगही ओसरला. माझ्या वडिलांना पावसाळ्यात सुकटीशिवाय घास उतरत नसे. रक्तदाब वाढला, उजवी बाजू गेली. दिवसाला ५ ग्रॅम, सपाट चमचाभर मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आता आमच्याकडे सुकट दोनदा कोमट पाण्यात धुतात. पिठीला लसूण-मिरचीची फोडणी, दोन आमसुले, मीठ निम्मे. पापड मात्र मुलांचा अजून सुटलेला नाही.