शेपटी राहिली

'राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी अब्बास इब्न फिरनास उडाले', हा मेसेज आपल्या ग्रुपवर फिरतच असतो. ते पडले, हे मात्र त्यात नसतं. ९ व्या शतकात, स्पेनमधल्या कुर्तुब्यात, पंख बांधून ते काही अंतर गेले; उतरताना पाठीला जबर मार बसला. पक्षी शेपटीच्या आधाराने उतरतो, यांनी शेपटीच लावली नव्हती, असं १७ व्या शतकातला अल-मक्करी सांगतो. मला उड्डाणापेक्षा ही नोंद मोलाची वाटते. जर्मनीचा ओटो लिलिएंथाल १८९६ मध्ये ग्लायडरसकट कोसळून मेला. पण त्याची मोजमापं छापलेली होती, राइट बंधूंनी ती वापरली, तपासलीसुद्धा. इब्न फिरनासांनंतर शेपटी लावून कुणी पाहिली, असं विचारलं की ग्रुप गप्प होतो.