गैरवर्तन कोणाचे?

प्रत्येक महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात शेवटी शिस्तीचे नियम छापलेले असतात. प्रवेशअर्जावर सही करताना ते आपण वाचत नाही आणि आपले पालकही वाचत नाहीत. त्यांत एक शब्द हमखास असतो, तो म्हणजे ‘गैरवर्तन’. परीक्षेत कॉपी करणे, ग्रंथालयातील पुस्तकाची पाने फाडणे, मुलींची छेड काढणे, रॅगिंग करणे हे गैरवर्तन होय, याबद्दल दुमत होणार नाही. यांतल्या प्रत्येक कृतीने कोणाचे तरी नुकसान होते. परंतु जिथे कोणाचेही नुकसान झालेले नाही, तिथेही विद्यापीठांनी हाच शब्द वापरून माणसे उद्ध्वस्त केली आहेत. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे आपल्या मराठीचे प्राध्यापक. नागपूर विद्यापीठात शिकलेले हे गृहस्थ दूर उत्तरेत, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात, वीसहून अधिक वर्षे मराठी शिकवीत होते. ‘पाया खालची हिरवळ’ या त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही माणसे कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि एका पुरुषासोबत असलेल्या सरांचे त्यांनी चित्रीकरण केले. विद्यापीठाने गैरवर्तनाचा ठपका ठेवला तो मात्र सरांवर! त्यांना निलंबित करून विद्यापीठाचे निवासस्थान सोडावयास सांगितले. १ एप्रिल रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिल रोजी सर भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले. निवृत्तीला काही महिनेच उरले होते.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, दोन सज्ञान व्यक्तींनी राजीखुशीने खाजगीत ठेवलेला समलिंगी संबंध हा गुन्हा नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजीच सांगितले होते. म्हणजे न्यायालय ज्याला गुन्हा म्हणावयास तयार नव्हते, त्याला विद्यापीठ गैरवर्तन म्हणत होते. दुसऱ्याच्या घरात घुसणे हे वर्तन कोणत्या सदरात मोडते?

हे एकट्या अलीगढचे पाप नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९२० साली एका विद्यार्थ्याने आत्महत्या केल्यानंतर पाच अधिकाऱ्यांचे एक गुप्त न्यायालय बसले. कोण कोणाच्या खोलीवर जातो, कोणाशी मैत्री ठेवतो, अशी चौकशी करून समलिंगी ठरविलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठातूनच नव्हे, तर गावातूनही घालवून दिले. त्यांतल्या एकाने लगेच जीव दिला. हे सारे कागद २००२ साली तिथल्या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने उजेडात आणले, तेव्हा कुठे विद्यापीठाच्या अध्यक्षांनी खेद व्यक्त केला. तोवर ब्याऐंशी वर्षे उलटून गेली होती!

काही मित्र म्हणतील, ही पाश्चात्त्यांची थेरे आपल्याकडे कशाला? त्यांना र. धों. कर्वे यांची आठवण करून द्यावीशी वाटते. त्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचक लैंगिक प्रश्न मोकळेपणाने विचारीत. त्या उत्तरांबद्दल १९३४ साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. प्रश्न आपल्याकडे होतेच. आपण ते दाबून ठेवले, इतकेच.

कोणी असेही विचारील की, मग वसतिगृहात शिस्त राहावी कशी? शिस्त हवीच. जबरदस्ती झाली तर कडक शिक्षा व्हावी, मग ती मुलीवर झालेली असो की मुलावर. पण कोणाचा जीव कोणावर जडतो, यावर शिस्तीचा अंमल चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी हे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून कायमचे बाहेर काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने तर २०१६ साली रॅगिंगच्या नियमांत दुरुस्ती करून लैंगिक कलावरून विद्यार्थ्याला छळणे हेही रॅगिंगच ठरविले आहे. हा नियम आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

मलाही ठाऊक नव्हता. बारावीला मी एका वसतिगृहात होतो. तिथे एका मुलाच्या चालण्याची रोज नक्कल व्हायची. त्याच्या ताटाशेजारी कोणी ताट घेत नसे. पुढे त्याच्या नावाने काहीबाही उठले आणि त्याच्या वडिलांना बोलावणे गेले. ते पहिल्या एस.टी.ने आले, चपला दाराबाहेर काढून आत गेले. आमच्यासारख्यांच्या घरी शाळा-कॉलेजचा शब्द म्हणजे देवाचा शब्द. उलट प्रश्न कोण विचारणार? पोराने काय केले, हे न विचारताच ते त्याची पेटी डोक्यावर घेऊन गेले. तो परत आला नाही. त्याने कोणाचे काय बिघडवले होते, हे मला आजही सांगता येणार नाही. मी मात्र त्या नकलांना हसलो होतो.

गुरुजनांना नम्र विनंती एवढीच की, कोणाला गैरवर्तनाची नोटीस देण्यापूर्वी ‘यात नुकसान कोणाचे झाले?’ हा एक प्रश्न विचारावा. आणि विद्यार्थी मित्रांनो, आपणही हसण्यापूर्वी तोच प्रश्न स्वतःला विचारावा. मी तो तेव्हा विचारला नाही.